काही भूमिका वर्षानुवर्षं लक्षात का राहतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरी सांभाळून तुम्ही मित्रांबरोबर लघुपट करता. आधीच्या दोन्ही लघुपटांत नटांनी जीव ओतून काम केलं, बघणारे "छान झालंय" म्हणाले, आणि महिन्याभरात कुणालाच त्यातला एक प्रसंगही धड सांगता येईना. 'पिंजरा'तले मास्तर आणि 'सामना'तला हिंदूराव मात्र तुमच्या जन्माआधीचे असूनही तुमच्या डोळ्यांसमोर उभे आहेत. मग असं काम नटामुळे होतं की कथेमुळे? आणि तिसऱ्या लघुपटाचे मोजके पैसे नावाजलेल्या नटावर घालावेत की पटकथा नीट लिहून घेण्यावर? नव्या लघुपटाची गोष्टही तुम्ही दिली आहे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर वडील, मुलाच्या धंद्यासाठी त्यांनी घरात कुणाला न सांगता गहाण टाकलेलं घर, आणि शेवटी मुलासमोर रडत दिलेली कबुली.

मी बरीच वर्षं अभिनयाच्या कार्यशाळा घेते आणि नव्या मुलांच्या लघुपटांच्या संकलनालाही बसते. त्या अनुभवावरून सांगते, 'नट की कथा' असे दोन तुकडे केले की उत्तर हाती लागत नाही. नटाचं काम लक्षात राहणार की नाही, हे गोष्टीनं त्याला कोणत्या पेचात उभं केलंय त्यावर ठरतं. त्या पेचात मी सगळ्यात आधी एक गोष्ट शोधते: या माणसाला काय बोलायची बंदी आहे? ज्या पात्राला मनातलं सगळं बोलून टाकता येतं, त्याच्या नटाला भावना दाखवण्यापलीकडे काही उरत नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याला मात्र दर क्षणी काहीतरी करावं लागतं. विषय बदलावा लागतो, हसून वेळ मारून न्यावी लागते, हाताला काम शोधावं लागतं. प्रेक्षक ते पाहतो, मनातल्या मनात त्या माणसाची उरलेली वाक्यं पुरी करतो, आणि स्वतः पुरी केलेली वाक्यं तो सहसा विसरत नाही.

अर्थात लक्षात राहण्याची कारणं एवढीच नसतात. जुने चित्रपट टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतात, त्यांची गाणी कानावर पडत राहतात, घरातली मोठी माणसं त्यातले संवाद म्हणून दाखवतात. तुमच्या वीस मिनिटांच्या लघुपटाला हे काहीच मिळणार नाही. त्यामुळे तुलना करताना स्वतःवर अन्याय करू नका. पण टीव्हीवर शेकडो चित्रपट पुन्हा पुन्हा लागतात, आणि त्यातल्या थोड्यांच भूमिका मनात घर करतात. त्या थोड्यांकडे बघून काय सापडतं ते सांगते.

'पिंजरा' (1972) घ्या. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाच्या बीजावर उभा आहे. तमाशातल्या बाईच्या नादी लागून मास्तराची अधोगती होते, एवढंच मूळ सूत्र धरलं तर ती एका घसरणीची गोष्ट झाली असती. मराठी पटकथेनं त्यात एक जबरदस्त वळण घातलं. मास्तरांचा खून झाला असं गावाला वाटतं, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि खरे मास्तर तमाशाच्या फडाबरोबर गावोगाव फिरत असतात. पुढे त्यांना पकडलं जातं तेही मास्तरांच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाच्या आरोपावरून. "मीच तो मास्तर" एवढं म्हटलं की सुटका आहे. पण म्हटलं की गावानं ज्या आदर्शावर आपली घडी बसवली, तो आदर्श कोसळतो.

आता मास्तरांची भूमिका करणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंच्या हातात गोष्टीनं काय दिलं ते बघा. 1970 च्या डिसेंबरमध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं आणि तिथली त्यांची स्वगतं गाजली. भाषेवर इतकी हुकूमत असलेल्या नटाला इथं कथेनं तोंड बंद ठेवायला लावलं. शेवटच्या भागात मास्तर जेव्हा जेव्हा गप्प बसतात, तेव्हा तेव्हा आपण आतून ओरडत असतो, "अहो सांगा ना!" हा ताण डॉक्टरांनी चेहऱ्यावर काही जादा करून आणलेला नाही. खांदे, मान आणि नजर यांतला फरक बघायचा असेल तर सुरुवातीचे ताठ मास्तर आणि फडातला माणूस हे दोन प्रसंग आवाज बंद करून लागोपाठ बघा. माझ्या कार्यशाळेत हे मी नेहमी करायला लावते. आवाज बंद असतानाही माणूस काय लपवतोय ते कळतं, कारण काय लपवायचं हे पटकथेनं आधीच पक्कं केलेलं आहे. इथं नटाचा वाटा मुळीच कमी नाही. तेवढं मोठं मौन पेलायला तेवढाच मोठा नट लागतो. पण मौन आधी लिहिलं गेलं.

माझा मुद्दा सगळ्यात नीट सिद्ध होतो तो 'सामना' आणि 'सिंहासन' या जोडीत. दिग्दर्शक तेच डॉ. जब्बार पटेल, पटकथा दोन्हींची विजय तेंडुलकरांची, आणि निळू फुले व श्रीराम लागू दोन्हींत आहेत. एवढं सगळं सारखं असताना गोष्ट बदलली की काम कसं बदलतं, हे ताडून बघायला याहून चांगली संधी मिळणार नाही.

'सामना'त निळूभाऊ साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील आहेत. गावात एक दारुडा, कफल्लक म्हातारा मास्तर येऊन पडतो, आणि हिंदूराव त्याला वाड्यावर आणतात. त्याला खाऊपिऊ घालतात, आपला सगळा पसारा हौसेनं दाखवतात. हा माणूस कोण, कुणी पाठवलेला आहे का, हे त्यांना काढून घ्यायचंय, पण सरळ विचारता येत नाही. म्हणून पाहुणचार. मास्तरच्या कानावर एक नाव पडतं आणि तो विचारायला लागतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो. हिंदूरावांना हा प्रश्न जागच्या जागी दाबता येत नाही, कारण दाबला तर त्यात काही आहे हे कबूल केल्यासारखं होतं. निळूभाऊंचा आवाज बघा, तो चढत नाही. खर्जात, घोगऱ्या सुरात, शब्द सावकाश सोडत ते आदरातिथ्य करत राहतात, आणि त्या आदरातिथ्याचीच आपल्याला भीती वाटायला लागते. एखाद्या साध्या नटानं इथं डोळे वटारले असते. निळूभाऊंना ते करायची गरज पडली नाही, कारण वटारलेले डोळे झाकायचे कसे हेच त्या भूमिकेचं काम आहे.

काही वर्षांनी, 1979 मध्ये, 'सिंहासन' आला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. आता निळूभाऊ सत्तेच्या दुसऱ्या टोकाला, पत्रकार दिगू टिपणीस. मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक, आणि त्यांच्याविरुद्ध हालचाली करणारे अर्थमंत्री डॉ. लागू. दिगूला सगळं ठाऊक आहे. कोण कुणाला भेटलं, कोण कुठं फुटणार, सगळं. पण ठाऊक असण्याचा उपयोग काय? जे कळतं ते सगळं छापता येत नाही, आणि छापून काही हलत नाही. त्यामुळे चित्रपटभर हा माणूस ऐकतो. निळूभाऊंनी या भूमिकेत ऐकण्याचंच काम केलंय. किंचित तिरकी मान, समोरच्याकडे बघून दुसऱ्याच गोष्टीचा हिशेब चाललेली नजर. एवढं साठल्यावर शेवटी तो रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. ते हसणं सुटं काढून एखाद्या स्पर्धेत करून दाखवलं तर ती नुसती कसरत वाटेल. तिथवर अडवून धरलेल्या सगळ्या वाक्यांचं वजन त्या हसण्यात आहे.

म्हणजे एकाच नटाची दोन कामं, दोन्हींत बंदी, पण कारण उलटं. हिंदूराव बोलत नाहीत कारण बोलले तर अडकतील, दिगू बोलत नाही कारण बोलून काही होणार नाही. तुमच्या लेखकाला एवढा एक फरक पक्का सांगता आला, तर नटाचं निम्मं काम झालं असं समजा.

हे फक्त गंभीर चित्रपटांना लागू पडतं असं समजू नका. 1988 चा 'अशी ही बनवाबनवी' आजही घराघरात पाठ आहे, आणि तो तर अथपासून इतिपर्यंत लपवाछपवीवरच उभा आहे. घरमालकीणबाईंना भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत, म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. त्यातलं "हा माझा बायको पार्वती" हे वाक्य लोक इतकं का म्हणतात, याचा कधी विचार केलाय? त्यात वेगळा असा विनोद लिहिलेला नाही. दडवलेलं खरं एका अक्षरातून निसटतं आणि बोलणाऱ्याला ते तसंच पुढं रेटावं लागतं. अशोक सराफ ते वाक्य टाळ्या घेण्यासाठी टाकत नाहीत. त्यांचा धनंजय माने त्या क्षणी घर वाचवण्याच्या घाईत असतो, पूर्ण गंभीर असतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना विनोदी प्रसंगात "तुला हसवायचंय" असं मी कधी सांगत नाही. "तुझं काय उघडं पडेल?" एवढंच विचारते. उत्तर पक्कं असलं की टायमिंग बरंचसं आपोआप येतं.

तुमच्या कामाचं सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013) आहे, कारण त्यातला मुख्य नट सोमनाथ अवघडे तेव्हा शाळकरी पोरगा होता आणि अनुभवी नटाची कुठलीही हत्यारं त्याच्याकडे नव्हती. शेवटचा मोठा प्रसंग आठवा. जब्याच्या घरच्यांना गावातलं डुक्कर पकडायचंय, आणि नेमकी शाळेतली मुलं तिथं आहेत, त्यांत त्याला आवडणारी शालूही आहे. जब्याला बापाला मदत करायची आहे, नाही केली तर मार आहे, आणि शालूला दिसायचं तर मुळीच नाही. म्हणून तो भिंतीआड दडतो, आडोशाला बसून राहतो, बापाची हाक ऐकूनही येत नाही. मग राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर निसटतं. बापाच्या भूमिकेतले किशोर कदम तेव्हा नुसते उभे असतात. त्या पोराला "लाज दाखव" असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं मान खाली घातली असती आणि संपलं असतं. प्रसंगानं त्याला लपायला जागा दिली आणि ती जागा एकेक करून काढून घेतली. लाज आपल्याला दिसते ती त्या पळापळीतून. आणि शेवटी त्याच्या हातात दगड येतो तेव्हा लपायला कुठं काही उरलेलंच नसतं.

म्हणून पैशांबद्दलचं माझं मत स्पष्ट आहे: आधी पटकथा. नवखा नट चांगल्या पेचात उभा राहिला तर तरून जातो. मोठा नट पेच नसलेल्या प्रसंगात आला की आपल्या जुन्या लकबींवर वेळ काढतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

या विचाराला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. 'संत तुकाराम' (1936), प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा काहीही लपवत नाहीत. मनात आहे तेच ओठांवर, तरीही ते काम अजून ताजं आहे. पागनीसांच्या साधेपणाला मी कुठल्या नियमात बसवू शकत नाही, आणि बसवायची इच्छाही नाही. पण त्याच चित्रपटात गौरी यांनी केलेली जिजाई बघा. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन ती विठोबालाच फैलावर घेते. नवऱ्यावर जीव आहे, पण ते बोलायला तिला सवड नाही, कारण घरात दाणा नाही आणि म्हैस बघायची आहे. तिची माया शिव्याशापांतूनच बाहेर पडते. सगळं उघड असलेल्या माणसाशेजारी सगळं उलट्या भाषेत बोलणारी बाई ठेवली, त्यामुळे दोघंही उजळले. तुमच्या गोष्टीत एखादं पात्र खरोखरच पारदर्शक असेल तर त्याला तसंच ठेवा, पण त्याच्यासमोर कोण उभं आहे याचा विचार करा.

आता तुमच्या कंडक्टर वडिलांकडे येऊ. गोष्टीत दम आहे. अडचण एकच आहे: घर गहाण आहे हे प्रेक्षकाला आणि मुलाला एकाच वेळी, शेवटच्या रडण्यातून कळतं. म्हणजे सोळा-सतरा मिनिटं तुमचा नट असं काहीतरी लपवतोय जे आम्हाला माहीतच नाही. त्यानं कितीही बारीक काम केलं तरी ते आम्हाला वाचता येणार नाही. आम्हाला वडील नुसते गप्प आणि उदास दिसतील.

म्हणून पहिल्या तीन-चार मिनिटांतच प्रेक्षकाला गहाणाचं कळू द्या. मुलाला कळू देऊ नका. मग 'श्वास'मध्ये (2004) होतं तसं काहीतरी तुमच्या हाती येईल. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे आजोबांना आणि आपल्याला कळलेलं असतं, पोराला बराच वेळ नसतं. त्यामुळे अरुण नलावडे नातवाशी अगदी साधं काही बोलले तरी आपल्या घशात आवंढा येतो. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला घेऊन दवाखान्यातून निघून जातात आणि जग दाखवतात. त्या भटकंतीत रडारड नाही, त्याची गरजही नाही.

तुमच्याकडे असा प्रसंग सहज घडू शकतो. पतसंस्थेचा माणूस हप्त्याचं विचारायला दारात येतो आणि मुलगा घरातच आहे. वडील काय करतील? "अरे, हे आमच्या डेपोतले" म्हणून ओळख करून देतील, चहा ठेवायला सांगतील. आता मुलगा कौतुकानं विचारतो, "कुठल्या रूटवर होता काका?" बघा, तिघांनाही काम मिळालं. पाहुण्याला खोटं बोलायचं नाहीये पण म्हाताऱ्याची लाजही राखायची आहे, वडिलांना पुढचं वाक्य आधी सुचायला हवं, आणि मुलगा आनंदात आहे.

वडिलांचा पेशाही वापरा, तो नुसता ओळखीपुरता ठेवू नका. आयुष्यभर दर पाळी संपली की रुपया-पैशाचा हिशेब डेपोत जुळवून दिलेला हा माणूस आहे. सुट्ट्या पैशांची चळत एका हातानं मोजणं, नोटा लांबीला दुमडून बोटांत धरणं ही त्याच्या हाताची सवय. रात्री हप्त्याचे पैसे मोजताना त्या सवयीनं हात झरझर चालतो आणि मग थांबतो, कारण कमी पडतात. पुन्हा मोजतो. एवढं पुरे. तिथं एकही वाक्य घालू नका, पार्श्वसंगीतही नको.

आणि कबुली? माझं मत विचाराल तर ती काढाच. मुलाला कुठून तरी कळतं, आणि आपल्याला कळलंय हे तोही वडिलांपासून लपवतो. शेवटच्या जेवणाच्या प्रसंगात दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही भाजीत मीठ कमी आहे का यावर बोलतायत. तुम्हाला कबुली हवीच असेल तर निदान रडणं काढून टाका. वडिलांना हिशेब सांगतात तशी रक्कम, तारीख आणि हप्ता सांगू द्या. नटाला रडू आलंच तर ते आवरायला सांगा. आवरताना जे होतं ते कॅमेऱ्यात येऊ द्या.

तालमीत एक करून बघा. पटकथेचं वाचन झालं की प्रत्येक नटाला प्रसंगागणिक एक वाक्य वहीत लिहायला सांगा: "इथं मला हे बोलायचं आहे, पण मी बोलू शकत नाही, कारण…" ज्या प्रसंगात कुणालाच हे वाक्य पुरं करता येत नाही, तो प्रसंग बहुतेक वेळा नुसता माहिती देणारा असतो. तो कापा, किंवा ती माहिती दुसऱ्या प्रसंगात सरकवा. मग एकदा ती अडलेली वाक्यं मोठ्यानं बोलून प्रसंग करा, आणि लगेच मूळ संवादांवर परत या. फरक तुम्हाला तिथंच दिसेल, कारण नटाच्या तोंडाशी आता खरोखर काहीतरी थांबलेलं असेल.

शूटिंगच्या वेळी ऐकणाऱ्याचा क्लोज-अप घ्यायला विसरू नका. लघुपटांच्या संकलनात मला सगळ्यात जास्त उणीव भासते ती याचीच. बोलणाऱ्याचे पाच टेक असतात आणि ऐकणाऱ्याचा एकही नसतो, मग 'सिंहासन'मधल्या दिगूसारखं ऐकणं कुणी केलं असलं तरी ते पडद्यावर येणार कुठून? दारातल्या त्या प्रसंगात पतसंस्थेचा माणूस बोलत असताना वडिलांवर पूर्ण टेक घ्या, आणि मुलगा रूटबद्दल विचारतो तेव्हा पाहुण्यावर. दिवस हातातून जात असेल तर बोलणाऱ्याचा एखादा टेक कमी करा, हे दोन शॉट मात्र उजेड चांगला असतानाच उरकून घ्या.